गावाचा शिपाई कोणाचा? स्कॉटलंडच्या ग्रामीण पोलिसांची तीनशे वर्षे

१/
जून २०१५. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडील कॅना या चिमुकल्या बेटावर चोरी झाली. बेटाची लोकसंख्या तिसाच्याही आत. तिथले एकमेव दुकान गावकरी मिळून चालवीत आणि ते रात्रंदिवस उघडे असे. माल घ्यावा, वहीत नोंद करावी, पैसे ठेवून जावे, असा शिरस्ता. रात्री बंदरात आसरा घेणाऱ्या कोळ्यांची सोय व्हावी म्हणून दाराला कुलूप नव्हते. एके रात्री कोणीतरी चॉकलेट, कॉफी आणि हाताने विणलेल्या लोकरीच्या टोप्या उचलून नेल्या. ही बातमी जगभर गेली, कारण बेटावरच्या लोकांना आठवणारी याआधीची चोरी १९६०च्या दशकातली होती.

२/
कॅनावर पोलीस ठाणे नाही. पोलीस हवा असेल तर तो मुख्य भूमीवरून बोटीने यावा लागतो. जिथे अर्ध्या शतकात एखादी चोरी होते, तिथे पोलीस नेमणे राज्याला परवडत नाही. आणि ज्या दिवशी चोरी होते, त्या दिवशी पोलीस समुद्रापलीकडे असतो. ग्रामीण स्कॉटलंडमधील पोलीसव्यवस्थेचा सगळा पेच या एका प्रसंगात सामावला आहे. पोलीस किती असावेत, ते कुठे असावेत आणि त्यांनी आधी काय करावे हे कोणी ठरवावे? हे तीन प्रश्न तिथे तीनशे वर्षे विचारले जात आहेत. हा धागा त्यांचाच.

३/
आधी भूगोल. स्कॉटलंडचे क्षेत्रफळ सुमारे ७८,००० चौरस किलोमीटर, लोकसंख्या जेमतेम ५५ लाख. तीही बहुतांशी ग्लासगो आणि एडिंबरा यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात दाटलेली. उत्तरेकडील हायलँड्स म्हणजे डोंगर, दलदलीची माळराने, एकेरी रस्ते आणि समुद्राचे आत घुसलेले फाटे. २०११च्या जनगणनेत ९३ बेटांवर वस्ती आढळली. नकाशावर दहा किलोमीटर दिसणारे अंतर वळसा घालून जाताना पन्नास होते, आणि वादळात फेरी बंद पडली की ते अंतर मोजण्यात अर्थच उरत नाही. शहरातील दरडोई पोलिसांचे गणित इथे लागू पडत नाही, ते यामुळे.

४/
सतराव्या-अठराव्या शतकात हायलँड्समध्ये संपत्ती म्हणजे गुरे आणि गुन्हा म्हणजे गुरांची चोरी. सरकारी यंत्रणा पोहोचत नसल्यामुळे संरक्षण हा खासगी धंदा झाला होता. ठरावीक रक्कम भरा, तुमची गुरे सुरक्षित राहतील; न भराल तर रात्री काय होईल याची हमी नाही. या खंडणीला ‘ब्लॅकमेल’ म्हणत. ‘मेल’ म्हणजे खंड किंवा भाडे. आज जगभर वापरला जाणारा हा शब्द स्कॉटलंडच्या सीमाभागातून आणि डोंगरांतून आलेला आहे. पुढे दंतकथा बनलेला रॉब रॉय मॅकग्रेगर हादेखील अशा राखणदारीच्या व्यवसायात होता. राखणदार आणि लुटारू यांच्यातील सीमारेषा त्या काळी फार पुसट होती.

५/
१७२५ मध्ये जनरल वेड याने सरकारशी निष्ठावान असलेल्या कुळांतून सहा स्वतंत्र तुकड्या उभ्या केल्या. त्यांचे काम डोंगरांवर पहारा ठेवणे, गुरांची चोरी रोखणे आणि लोकांची शस्त्रे काढून घेणे. या पहाऱ्याला पुढे ‘ब्लॅक वॉच’ असे नाव पडले. शिपाई स्थानिक, भाषा गेलिक, वाटा पायाखालच्या. मात्र हुकूम लंडनचा. ग्रामीण पोलिसांचा मूळ ताण इथेच दिसतो: माणूस गावचा, मालक बाहेरचा.

६/
१७३९ मध्ये या तुकड्यांचे लष्करी पलटणीत रूपांतर झाले. १७४३ मध्ये पलटणीला दक्षिणेकडे लंडनला नेण्यात आले आणि तिथून समुद्रापार पाठवण्याची तयारी सुरू झाली. आपली भरती डोंगरांच्या राखणीसाठी झाली आहे, अशी अनेक शिपायांची समजूत होती. शंभराहून अधिक शिपाई छावणी सोडून घराच्या वाटेला लागले. त्यांना पकडण्यात आले आणि तिघांना लंडनच्या टॉवरमध्ये गोळ्या घालण्यात आल्या. गावासाठी घेतलेला माणूस केंद्राला दुसरीकडे हवा असतो, हा झगडा पुढे अनेक रूपांत परत आला. त्याचे पहिले रूप एवढे रक्तरंजित होते.

७/
आता शहरांकडे. लंडनचे महानगर पोलीस दल १८२९चे. ग्लासगोचे दल मात्र १८०० सालच्या कायद्याने स्थापन झाले, म्हणजे लंडनच्याही आधी. स्कॉटलंडमध्ये त्या काळी ‘पोलीस’ या शब्दाचा अर्थ फार व्यापक होता. दिवाबत्ती, झाडलोट, रस्त्यांची निगा आणि रात्रीची गस्त हे सारे ‘पोलीस’ या एकाच शब्दात येई. नगर नीट चालवणे म्हणजे पोलीस, ही त्यामागची कल्पना. गुन्हेगार पकडणे हा त्या कामाचा एक भाग होता. ही जुनी व्याप्ती ध्यानात ठेवावी. शेवटी तिचा उपयोग होईल.

८/
ग्रामीण काउंट्यांची कथा वेगळी. तिथे सत्ता ‘कमिशनर्स ऑफ सप्लाय’ म्हणजे जमीन-कर वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या मंडळाकडे होती. गुन्हेगारांना पकडून खटले चालवण्यासाठी अठराव्या शतकापासून ‘रोग मनी’ नावाची पट्टी आकारली जाई. ‘रोग’ म्हणजे भामटा. तेव्हा हा भामट्यांसाठीचा निधी. १८३९च्या कायद्याने या मंडळांना पट्टी वाढवून पोलीस दल उभारण्याची मुभा दिली. सक्ती नव्हती. काहींनी दल उभारले, काहींनी खर्चाकडे पाहून टाळाटाळ केली, काहींनी मोजके शिपाई ठेवून वेळ मारून नेली.

९/
या सुरुवातीच्या दलांचा अग्रक्रम काय होता? खून-दरोडे नव्हेत, भटके लोक. कामाच्या शोधात फिरणारे मजूर, भिकारी, आयरिश स्थलांतरित, फिरते कारागीर. जमीनदारांना त्यांची सर्वाधिक धास्ती होती. त्यांना काउंटीच्या हद्दीबाहेर हुसकणे हेच शिपायाचे मुख्य काम झाले. शेजारच्या काउंटीत दल नसेल तर हे भटके तिकडे जात, मग तिथले जमीनदारही दल उभारण्याचा विचार करू लागत. पोलिसांचा प्रसार अशा ढकलाढकलीतूनही झाला. जो पैसा देतो तो अग्रक्रम ठरवतो, हे सूत्र इथे उघडपणे दिसते.

१०/
१८५७च्या पोलीस कायद्याने मुभा संपवली आणि प्रत्येक काउंटीला दल ठेवणे बंधनकारक केले. सोबत आमिषही होते. सरकारी निरीक्षकाने दल ‘कार्यक्षम’ असल्याचा दाखला दिला, तर वेतन आणि गणवेश यांचा एक चतुर्थांश खर्च सरकारी तिजोरीतून मिळणार होता. पहिले निरीक्षक म्हणून कर्नल जॉन किनलॉख यांची नेमणूक झाली. दाखला हवा म्हणजे संख्या हवी, नोंदवह्या हव्यात, शिस्त हवी. स्थानिक दलांवर मध्यवर्ती सरकारचा हात पहिल्यांदा पडला तो हुकमाने नव्हे, अनुदानाने. पुढे अनुदानाचा वाटा वाढत गेला आणि हातही लांब होत गेला.

११/
या कायद्यातून ग्रामीण कॉन्स्टेबल ही ओळखीची व्यक्तिरेखा घडली. एक शिपाई, एक घर, मैलोगणती हद्द. घर हेच ठाणे. तो गस्तीवर असताना दार उघडायचे, तक्रार ऐकून घ्यायची, पुढच्या काळात फोन उचलायचा, हे सारे त्याची बायको करी आणि त्याचे वेतन तिला मिळत नसे. कॉन्स्टेबलची कामे गुन्ह्यापुरती नव्हती. मेंढ्यांना रोगप्रतिबंधक औषधात बुडवतात की नाही ते पाहणे, गुरांच्या साथीत वाहतूक रोखणे, दारूच्या दुकानांवर नजर ठेवणे, हरवलेला माणूस डोंगरात शोधणे. शहरातला ‘पोलीस’ या शब्दाचा जुना व्यापक अर्थ गावात असा जिवंत राहिला.

१२/
इथे स्कॉटिश कायद्यातील एक वैशिष्ट्य समजून घेणे आवश्यक आहे. स्कॉटलंडमध्ये फौजदारी खटल्यात आरोपातील प्रत्येक महत्त्वाची गोष्ट दोन स्वतंत्र पुराव्यांनी सिद्ध व्हावी लागते. याला ‘कोरोबोरेशन’ म्हणतात. इंग्लंडमध्ये असा सर्वसाधारण नियम नाही. म्हणून स्कॉटिश पोलीस शक्यतो जोडीने फिरतात: एकाने पाहिलेले दुसऱ्याने दुजोरा द्यावे. मनुष्यबळाच्या हिशेबात याचा परिणाम मोठा होतो. शहरात दोघे मिळतात. पण ज्या खेड्यात एकच शिपाई आहे, तिथे?

१३/
तिथे दुसरा साक्षीदार गावातूनच यावा लागे. म्हणजे गाव बोलले नाही, तर कॉन्स्टेबलचे डोळे न्यायालयात अर्धेच ठरत. शेजाऱ्यांशी वैर धरून त्याला काम करता येणे शक्य नव्हते. ग्रामीण शिपाई समजूत घालतो, दटावून सोडतो, सगळेच न्यायालयात नेत नाही, ही त्याची ख्याती केवळ स्वभावाची नव्हती. कायद्याची आणि संख्येची तशी गरज होती. २०११ मध्ये लॉर्ड कार्लोवे यांच्या समितीने हा नियम रद्द करण्याची शिफारस केली. मोठ्या वादानंतर २०१५ मध्ये सरकारने तो प्रस्ताव सोडून दिला. अलीकडच्या निकालांनी नियम काहीसा सैल झाला असला, तरी तो अद्याप आहे.

१४/
गाव आणि पोलीस यांच्यातील नाते पूर्ण तुटले की काय होते? १८८२चे स्काय बेट पाहावे. ब्रेज या भागातील क्रॉफ्टर, म्हणजे लहान तुकडे खंडाने कसणारी कुळे, बेन ली या डोंगरावरील चराईचा आपला जुना हक्क परत मागत होती. जमीनदार लॉर्ड मॅकडोनाल्ड. मागणी नाकारली गेली तेव्हा कुळांनी खंड रोखला. एप्रिल १८८२ मध्ये न्यायालयाचा बेलिफ जमीन खाली करण्याच्या नोटिसा घेऊन आला. जमावाने त्याला वाटेत अडवून त्या नोटिसा जाळायला लावल्या.

१५/
इन्व्हर्नेस-शायरच्या काउंटी दलाकडे एवढ्या लोकांना तोंड देण्याइतके शिपाई नव्हते. मग शेरिफ विल्यम आयव्हरी यांनी (स्कॉटलंडमध्ये शेरिफ म्हणजे न्यायाधीश, पण त्या काळी सुव्यवस्थेची जबाबदारीही त्याच्याकडे असे) ग्लासगोहून सुमारे ५० पोलीस मागवले. पहाटे पावसात ही तुकडी ब्रेजला पोहोचली आणि पाच जणांना पकडून निघाली. अरुंद वाटेवर स्त्री-पुरुषांनी दगडांचा वर्षाव केला, पोलिसांनी दंडुके चालवले, दोन्ही बाजूंची डोकी फुटली. सोबत आलेल्या वार्ताहरांमुळे ‘ब्रेजची लढाई’ देशभर गाजली. आरोपींना दंड झाला. तो त्यांच्या पाठीराख्यांनी भरला.

१६/
या प्रसंगात एक क्रूर उपरोध दडलेला आहे. एकोणिसाव्या शतकात ग्लासगोच्या पोलीस दलात हायलँड्समधून आलेल्या तरुणांचा भरणा मोठा होता. उंचेपुरे, कष्टाची सवय असलेले आणि गावात जमीन उरली नाही म्हणून शहरात आलेले. ज्या व्यवस्थेने गावे रिकामी केली, तिने त्या गावांतील मुलांना शहरात गणवेश दिला आणि गरज पडली तेव्हा गणवेशधारी शहर पुन्हा गावावर पाठवले.

१७/
आंदोलन शमले नाही. ग्लेनडेल खोऱ्यात पोलिसांना लोकांनी पिटाळून लावले. १८८३च्या फेब्रुवारीत ‘जॅकल’ ही युद्धनौका तिथे धाडावी लागली. जॉन मॅकफर्सन आणि त्याचे साथीदार एडिंबराच्या न्यायालयापुढे उभे राहिले, दोन महिने तुरुंगात गेले आणि ‘ग्लेनडेलचे हुतात्मे’ म्हणून परतले. १८८४च्या नोव्हेंबरात स्कायवर नौसैनिक उतरले. काही एकर चराईचा वाद आता आरमाराचे काम होऊन बसला होता. शिपाई वाढवून सुटणारा हा प्रश्न नाही, हे तोवर सरकारलाही उमगू लागले होते.

१८/
१८८३ मध्ये सरकारने लॉर्ड नेपियर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. हे नेपियर १८६६ ते १८७२ या काळात मद्रासचे गव्हर्नर होते आणि १८७२ मध्ये लॉर्ड मेयो यांच्या हत्येनंतर काही काळ हिंदुस्थानचे प्रभारी व्हाइसरॉयही होते. आयोग गावोगाव फिरला आणि कुळांच्या साक्षी त्याने गेलिक भाषेतूनही घेतल्या. १८८६च्या क्रॉफ्टर्स कायद्याने कुळांना जमिनीवर कायमचा ताबा आणि रास्त खंडाची हमी दिली. ताण लगेच संपला नाही, पण सुव्यवस्थेच्या प्रश्नाचे उत्तर पोलीस खात्यात नव्हे तर जमिनीच्या कायद्यात सापडले, ही नोंद महत्त्वाची.

१९/
१८८९ मध्ये निर्वाचित काउंटी कौन्सिले आली. तरीही पोलीस पूर्णपणे त्यांच्या हाती गेले नाहीत. कौन्सिलचे सदस्य, जुने कमिशनर्स ऑफ सप्लाय आणि शेरिफ यांच्या संयुक्त समितीकडे ते सोपवण्यात आले. मतदाराने रस्ते आणि आरोग्य सांभाळावे, दंडुका मात्र मालमत्ताधारकांच्या नजरेखाली असावा, असा तो तोडगा होता. स्कायचे धडे ताजे असताना जमीनदार एवढे सोडायला तयार नव्हते.

२०/
अग्रक्रमांचा संघर्ष नेहमीच इतका गंभीर नसे. फेब्रुवारी १९४१ मध्ये ‘पॉलिटिशियन’ नावाचे जहाज एरिस्के बेटाजवळ खडकावर आदळले. पोटात व्हिस्कीच्या अडीच लाखांहून अधिक बाटल्या. युद्धकाळातील टंचाईत बेटवासीयांनी रात्री होड्या घालून जमेल तेवढा माल उतरवला आणि पीटच्या ढिगाऱ्यांत, सशांच्या बिळांत लपवला. पोलिसांचा कल प्रकरण फार न ताणण्याकडे होता. कस्टम अधिकारी चार्ल्स मॅकॉल मात्र इरेला पेटले. झडत्या झाल्या, खटले भरले गेले, काहींना तुरुंगवासही झाला. कॉम्प्टन मॅकेन्झी यांच्या १९४७च्या ‘व्हिस्की गलोर’ या कादंबरीला याच घटनेने जन्म दिला. हसू येते खरे. पण प्रश्न तोच आहे. गावाच्या दृष्टीने जो गुन्हाच नव्हे, त्यासाठी गावचा पोलीस किती धावेल?

२१/
विसाव्या शतकात मोटार, टेलिफोन आणि वायरलेस आले, आणि लहान दलांचे विलीनीकरण सुरू झाले. १९७५ मध्ये साऱ्या स्कॉटलंडची आठ दले झाली. त्यांतील नॉर्दर्न कॉन्स्टॅब्युलरीची हद्द साधारण बेल्जियमएवढी. हायलँड्स, ऑर्कनी, शेटलंड आणि पश्चिमेकडील बेटे हे सारे इन्व्हर्नेसहून चाले. गस्त पायी करायची ती गाडीतून होऊ लागली. एका गाडीने चार गावे सांभाळता येतात, हे हिशेबनिसाला पटले. गाडीतला पोलीस खिडकीतून हात करतो, पण चहाला थांबत नाही, ही तक्रार गावांत तेव्हापासूनची.

२२/
लहान दलांच्या मर्यादेचा आणि सामर्थ्याचाही दाखला २१ डिसेंबर १९८८ रोजी मिळाला. लॉकरबी या छोट्या गावावर बॉम्बस्फोटाने फुटलेले विमान कोसळले. विमानातील २५९ आणि गावातील ११, असे २७० जीव गेले. ब्रिटनच्या इतिहासातील सर्वांत मोठा खुनाचा तपास देशातील सर्वांत लहान दलांपैकी एकाच्या, डम्फ्रीज अँड गॅलोवेच्या, वाट्याला आला. दोन हजार चौरस किलोमीटरहून अधिक प्रदेश पिंजून काढायचा होता. इतर दलांचे पोलीस मदतीला धावले. विलीनीकरणाचे समर्थक म्हणतात, असे काम एकट्या लहान दलाला झेपत नाही. विरोधक म्हणतात, शेते, कुंपणे आणि माणसे ओळखणारे स्थानिक पोलीस नसते तर ते झालेच नसते. दोघांचेही म्हणणे खरे आहे.

२३/
एकविसाव्या शतकात संख्या हा राजकारणाचा विषय झाला. २००७च्या निवडणुकीत स्कॉटिश नॅशनल पार्टीने १,००० जादा पोलिसांचे वचन दिले. तेव्हाची संख्या १६,२३४. म्हणून लक्ष्य १७,२३४. हा आकडा पुढे अनेक वर्षे जणू पवित्र मानला गेला. पण पैसा मर्यादित असताना गणवेशधारींचा आकडा कमी करता येत नसेल, तर कपात कुठे होणार? कारकून, दूरध्वनी सांभाळणारे, तंत्रज्ञ, म्हणजे बिगरगणवेशी कर्मचारी घटले. त्यांची कामे काही ठिकाणी पोलीसच करू लागले. कागदावर पोलीस वाढले. रस्त्यावर त्या प्रमाणात वाढले असे म्हणता येत नाही.

२४/
१ एप्रिल २०१३ रोजी आठही दले संपून ‘पोलीस स्कॉटलंड’ हे एकच राष्ट्रीय दल जन्माला आले. २०२६ पर्यंत १.१ अब्ज पाउंडांची बचत अपेक्षित होती. पूर्वी खर्चाचा ५१ टक्के वाटा सरकारचा आणि ४९ टक्के स्थानिक कौन्सिलांचा असे. आता सारा पैसा एडिंबराहून येऊ लागला. कायद्यात स्थानिकतेची आश्वासने होती. ३२ कौन्सिलांपैकी प्रत्येकासाठी स्थानिक पोलीस योजना असावी, दल लोकांना सहज पोहोचण्याजोगे असावे, आणि पोलिसांचे मुख्य प्रयोजन माणसांची व समुदायांची सुरक्षितता आणि स्वास्थ्य सुधारणे हे असावे. मात्र पैशाची दोरी सुटली की सल्ल्याला वजन किती उरते, हा प्रश्न कौन्सिलांनी पहिल्याच वर्षी विचारला.

२५/
उत्तर लवकरच मिळाले. पहिले मुख्याधिकारी स्टीफन हाउस ग्लासगोकेंद्री स्ट्रॅथक्लाइड दलातून आलेले. २०१४ मध्ये इन्व्हर्नेसच्या रस्त्यांवर, दुकानांत, नेहमीच्या गस्तीवर कमरेला पिस्तूल लावलेले पोलीस दिसू लागले. देशभरात अशी कायमची परवानगी असलेले २७५ पोलीस होते. ब्रिटनमधील सर्वसाधारण पोलीस निःशस्त्र असतो, हा तिथल्या लोकांच्या अभिमानाचा विषय. त्यात हायलँड्स हा देशातील अत्यंत शांत भाग. माजी पोलीस असलेले आमदार जॉन फिनी यांनी हा विषय लावून धरला. ऑक्टोबर २०१४ मध्ये धोरण मागे घेण्यात आले: हे पोलीस यापुढे केवळ शस्त्रांच्या किंवा जीविताच्या धोक्याच्या घटनांवर जातील. स्थानिक भावनेचा अंदाज घेण्यात चूक झाली, असा निष्कर्ष नंतरच्या आढाव्यात निघाला.

२६/
झडतीचेही तसेच. एडिंबरा विद्यापीठातील संशोधक कॅथ मरी यांनी दाखवून दिले की २०१० मध्ये स्कॉटलंडमध्ये दर हजार माणसांमागे ६४ झडत्या झाल्या होत्या, इंग्लंड-वेल्समध्ये १७. त्यांतील बऱ्याच झडत्या कायद्याच्या आधाराने नव्हे तर ‘संमतीने’ झालेल्या, आणि रस्त्यात पोलिसाने अडवलेल्या पोराची संमती किती खरी असते हे सांगायला नको. ही स्ट्रॅथक्लाइडची पद्धत साऱ्या देशाला लागू होते आहे, अशी टीका झाली. मे २०१७ मध्ये संमतीच्या झडत्या बंद होऊन आचारसंहिता लागू झाली. शहरासाठी घडवलेला मापदंड खेड्याला लावला की खेड्यातही शहराचेच आकडे शोधले जातात.

२७/
सर्वांत जिव्हारी लागलेला धडा नियंत्रण कक्षांचा. डम्फ्रीजचा कक्ष २०१४ मध्ये बंद झाला. पुढे अबर्डीन आणि इन्व्हर्नेसचेही. फोन दूरच्या केंद्रांत जाऊ लागले. स्कॉटलंडमध्ये एकाच नावाची गावे अनेक. ‘टार्बर्ट’ म्हटले की हॅरिस बेटावरचे की आर्गाइलमधले, हे स्थानिक माणसाला उच्चारावरून आणि संदर्भावरून कळते. जुलै २०१५ मध्ये स्टर्लिंगजवळ एम-९ महामार्गालगत अपघात झालेल्या गाडीची खबर एकाने फोनवर दिली. एडिंबराजवळच्या केंद्रात तो फोन घेतला गेला, पण यंत्रणेत नोंदवलाच गेला नाही. तीन दिवस कोणी तिकडे गेले नाही. गाडीतील दोघेही दगावले. २०२१ मध्ये पोलीस दलाने न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि त्याला एक लाख पाउंडांचा दंड झाला.

२८/
आज ग्रामीण स्कॉटलंडमध्ये पोलिसांकडून काय अपेक्षा असते? शेतावरून क्वाड बाइक आणि ट्रॅक्टरची जीपीएस यंत्रे चोरीला जातात. मोकाट कुत्री मेंढ्यांवर धावतात. २०२१च्या सुधारणेने यासाठी ४०,००० पाउंडांपर्यंत दंडाची तरतूद आली. शिकारीच्या माळरानांवर गरुडांसारखे संरक्षित पक्षी विष घालून मारले जातात. २०१५ मध्ये ‘नॉर्थ कोस्ट ५००’ या पर्यटनमार्गाचा गाजावाजा झाल्यापासून एकेरी रस्त्यांवर भरधाव गाड्यांची तक्रार आहे. डोंगरात हरवलेल्यांचा शोध ही स्कॉटलंडमध्ये पोलिसांचीच जबाबदारी असून स्वयंसेवी बचाव पथके त्यांच्या समन्वयाखाली जातात. आणि रात्री-अपरात्री मानसिक व्याधीने हतबल झालेल्या माणसाजवळ पोहोचणारा पहिला सरकारी माणूस बहुधा पोलीसच असतो.

२९/
हे सारे करायला माणसे हवीत. अलीकडे दलाची संख्या १६,५००च्या आसपास घुटमळते. दुर्गम भागात नेमणूक स्वीकारणाऱ्याला घर मिळत नाही. स्कायसारख्या ठिकाणी सुट्टीतल्या घरांनी किमती वाढवून ठेवल्या आहेत. एकाला अटक झाली की त्याला दूरच्या कोठडीत पोहोचवण्यात दोन पोलिसांची पाळी संपते आणि तेवढा वेळ मागे हद्द उघडी राहते. विनावेतन काम करणाऱ्या स्पेशल कॉन्स्टेबलांची संख्या २०१३ नंतर खूप घटली. २०१४ मध्ये लोकांसाठी उघड्या असलेल्या साठच्या आसपास ठाण्यांच्या खिडक्या बंद झाल्या. इमारती विकण्याचे सत्र अजून चालू आहे. २०२३ मध्ये ईशान्य स्कॉटलंडमध्ये एक प्रयोग झाला: ज्या किरकोळ गुन्ह्यात तपासाला धागाच नाही, त्याचा पुढे तपास करायचा नाही. पुढच्या वर्षी तो देशभर लागू झाला.

३०/
या शेवटच्या निर्णयाचा हिशेब शहरात पटू शकतो. चोरीला गेलेली सायकल बहुधा सापडत नाही, तेव्हा तो वेळ दुसरीकडे वापरावा. पण खेड्यात तपास म्हणजे केवळ चोर सापडणे नव्हे. कोणीतरी आले, अंगणात उभे राहून ऐकून गेले, शेजाऱ्याला विचारून गेले, यातून पुढच्या वेळचा साक्षीदार तयार होतो. दोन पुराव्यांचा कायदा असलेल्या देशात हा साक्षीदार म्हणजे अर्धा पोलीसच. तो गमावला तर होणारे नुकसान कोणत्याही वार्षिक तक्त्यात दिसत नाही.

३१/
तीनशे वर्षांचा हा पट एका गोष्टीकडे बोट दाखवतो. किती पोलीस, या प्रश्नावर निवडणुका लढवल्या जातात. पण इतिहासाला दिशा दिली ती पोलीस कोणाला उत्तरदायी या प्रश्नाने. जमीनदार पैसा देत होते तेव्हा भटका मजूर हा गुन्हेगार होता. शेरिफने ग्लासगोचे पन्नास शिपाई आणले, तेव्हा संख्या वाढली आणि अधिकार कोसळला. २०१४ मध्ये पिस्तूल आले ते गरजेने नव्हे, एकसारखेपणाच्या आग्रहाने. आणि गेले ते स्थानिक लोकप्रतिनिधी बोलले म्हणून.

३२/
कॅनाच्या लोकांपुढे २०१५च्या त्या सकाळी खरा प्रश्न चोर कोण हा नव्हता, तर दाराला कुलूप लावायचे की नाही हा होता. बंदरात रात्री आलेल्या कोळ्याला उघडे दार मिळावे ही त्या बेटाची स्वतःची सुव्यवस्था होती. कोणत्याही पोलिसाने ती लावून दिलेली नव्हती. ग्रामीण पोलिसाचे काम अशा व्यवस्थेची जागा घेणे नव्हे, तिच्या पाठीशी उभे राहणे आहे. त्यासाठी प्रत्येक बेटावर ठाणे लागत नाही. मात्र फोन उचलणाऱ्याला ते बेट कुठे आहे हे ठाऊक असावे लागते, आणि बोलावल्यावर येणाऱ्याला तिथे कोण राहते हे.

(धागा समाप्त)